लिनोबद्दल लिहू नकोस म्हणालास

पेद्रा आल्वा, ११ नोव्हेंबर १९९५

तेल्मो,

तुझा पत्ता कुणी दिला ते विचारू नकोस. तिकडे लक्झेंबर्गला, एशमध्ये, आपला अर्धा अलेंतेजो प्रांत बांधकामावर आहे. तू कुठल्या गल्लीत राहतोस, कुणाबरोबर जेवतोस, हे इथे भर बाजारात लोकांना माहीत. फक्त माझ्या घरात माहीत नव्हतं.

आशीर्वाद मागितला नाहीस तरी देते. ती काही मागितल्यावरच द्यायची वस्तू नाही.

आज साओ मार्तिन्योचा सण. चेस्टनट भाजले, नव्या वाइनचं पिंप उघडलं. तुझ्या बाबांनी एक पेला घेतला, म्हणाले, "यंदाची पातळ आहे," आणि दुसरा ओतला. खाणीतून ते आता दुपारीच घरी येतात, पाठ चालत नाही. तू जानेवारीत न सांगता गेलास तेव्हापासून तुझं नाव त्यांनी तोंडातून काढलेलं नाही. पण टीव्हीवर हवामान लागलं की आवाज वाढवतात. "लक्झेंबर्गला बर्फ आहे म्हणे," असं भिंतीला सांगतात. पेद्रा आल्वात लक्झेंबर्गच्या बर्फाची काळजी करणारा दुसरा माणूस नसेल.

फोनवर तू म्हणालास, "आई, लिनोबद्दल बोलणार असशील तर मी ठेवतो." आणि खरंच ठेवलास. म्हणून हे पत्र. पत्र मधेच तोडता येत नाही. फाडता येतं, पण फाडायच्या आधी तू वाचशील, एवढं मी तुला ओळखते.

तर लिनोबद्दल लिहीत नाही. तुझा धाकटा भाऊ लिस्बनला फुटबॉल क्लबच्या वसतिगृहात मजेत आहे, एवढंच लिहिते. रविवारी फोन करतो. "आई, आसोर्दात लसूण आधी की कोथिंबीर आधी?" सतरा वर्षं ताट पुढे ओढून आसोर्दा खाल्ली, पण मी ती कशी करते हे एकदाही वाकून बघितलं नाही. मी सांगते, आधी लसूण आणि कोथिंबीर मिठाबरोबर कुट, मग तेल, मग उकळतं पाणी, पाव शेवटी. पुढच्या रविवारी पुन्हा तेच विचारतो. वसतिगृहात पोरांना चूल पेटवू देत नाहीत, हे मला नंतर कळलं.

तिथेही त्याला गोचीड म्हणतात. मी विचारलं, तुझं हे नाव लिस्बनपर्यंत कसं पोचलं? तर म्हणाला, "मीच सांगितलं. तेल्मोनं ठेवलेलं आहे, दुसरं कशाला घेऊ?"

लोकरीचे मोजे पाठवतेय. बुटांत ओल राहू देऊ नकोस.

आई


पेद्रा आल्वा, ३ मार्च १९९७

तेल्मो,

नाताळचं कार्ड मिळालं. आत फक्त सही होती. सही बरी आहे, हात थरथरत नाही, म्हणजे खातोयस नीट असं समजते.

आम्ही उत्तरेला जाऊन आलो. लिस्बनच्या क्लबनं लिनोला एका वर्षासाठी मिन्योतल्या छोट्या क्लबकडे पाठवलंय, दुसऱ्या विभागात. रविवारी त्याचा पहिला सामना होता. मी शाळेच्या स्वयंपाकघरातून सुट्टी घेतली. बाबांना म्हटलं, येताय का? तर म्हणाले, "फुटबॉल काय बघायचा? पण तिकडचा ग्रॅनाइट एकदा बघायचाय मला. चल." संगमरवराच्या खाणीत जन्म घालवलेला माणूस, ग्रॅनाइटला दगड मानत नाही, आणि तो बघायला दिवसभर बसमध्ये बसला.

तिथे पाऊस. आपल्याकडे वर्षभरात पडतो तेवढा त्यांच्याकडे मध्यंतरापर्यंत पडला. चिखलात पोरांचे शर्ट ओळखू येईनात. आणि सामना सुरू होऊन थोडाच वेळ झाला असेल, उजवीकडून उंच चेंडू आला. लिनो उडाला, डोकं लावलं, आणि चेंडू आमच्याच जाळ्यात.

तू हसशील. हस.

आमच्या पुढे एक छत्रीवाला होता. तो शेजाऱ्याला म्हणाला, "अलेंतेजोहून आणलाय म्हणे. पाय आलेत, डोकं सोमवारच्या गाडीनं येतंय." आपल्या लोकांच्या सुस्तपणावरचे हे विनोद उत्तरेत अजून चालतात. मी काही बोलायच्या आत बाबांनी त्याच्या छत्रीवर टिचकी मारली.

"साहेब," म्हणाले, "तो माझा मुलगा. आणि डोकं चुकीचं का होईना, लावलं त्यानंच. तुमचे बाकीचे तिघे आभाळाकडे बघत उभे होते."

छत्रीवाला मागे वळला नाही. पण त्यानंतर जे झालं ते मला तुला सांगायचंय, कारण ते तुलाच समजेल. खेळ परत सुरू झाला. एकोणीस वर्षांच्या पोरानं स्वतःच्या जाळ्यात गोल घातलाय, लोक शिट्ट्या मारतायत, अशा वेळी पोरगं लपतं. सहकाऱ्याच्या पाठीआड उभं राहतं, चेंडू आपल्याकडे येऊ नये म्हणून प्रार्थना करतं. लिनोनं हात वर केला. गोलकीपरकडे चेंडू मागितला. छातीवर घेतला, खाली ठेवला, मान वर करून पुढे दिला. दोन मिनिटांनी परत मागितला. त्यांच्या नऊ नंबरला नंतर त्यानं एकदाही वळू दिलं नाही.

आम्ही हरलो. पण निघताना छत्रीवाल्यानं बाबांशी हात मिळवला. "तुमचा पोरगा राहील इथे," म्हणाला. बाबा म्हणाले, "कुठेही राहील." बसमध्ये ते खिडकीतून बाहेर बघत होते. मी म्हटलं, "अहो, तुमचा ग्रॅनाइट राहिला." म्हणाले, "कुठे पळून जातोय?"

तू तिकडे खेळतोस का कुणाकडून? मी विचारत नाही. लिहिलं फक्त.

आई


पेद्रा आल्वा, २० जून १९९९

तेल्मो,

तुझं पत्र आलं. चार ओळी आल्या, पण पत्र आलं. त्यातली एक ओळ मी इथे उतरवते, म्हणजे तूही ती परत वाचशील. "त्यानं माझी जागा घेतली आणि तुम्ही टाळ्या वाजवल्यात."

आता बस आणि वाच. आज मी लिनोबद्दल लिहिणार आहे.

तू गेलास त्याच्या आदल्या मे महिन्यात लिस्बनच्या क्लबची माणसं तुलाच बघायला येणार होती. कुस्तोदियो न्हावी आपल्या संघाचा प्रशिक्षक. त्यानं दुकानात बसून त्यांना तीन पत्रं लिहिली होती, तिन्ही तुझ्याबद्दल. गावात दोन संघ करून सामना ठेवला. तुझ्यासमोर थोराड झेफेरिनो बचावाला असणार होता, आणि त्याला तू झोपेतसुद्धा चकवला असतास. पण त्याला ताप भरला. कुस्तोदियोनं शनिवारी दुपारी लिनोला सांगितलं, उद्या तू उभा राहा.

इथवर तुला माहीत आहे. पुढचं नाही.

त्या दुपारी मी अंगणात वाटाणे सोलत होते. लिनो आला, खाली बसला, माझ्या टोपलीतले दाणे खायला लागला.

"आई, उद्या मी तेल्मोसमोर आहे."

"मग?"

"रोज खाणीच्या आवारात आम्ही दोघंच खेळतो. तो निघण्याआधी मला कळतं तो कुठून जाणार. दर वेळी अडवता येत नाही, पण कळतं. लिस्बनवाले एकदाच बघणार. मी जाऊ देऊ का त्याला?"

मी हातातली शेंग खाली ठेवली. सोळा वर्षांचं पोर, डोळ्यांत पाणी होतं. मस्करी करत नव्हता.

"तू सोडलंस तर त्याला कळेल?"

"लगेच कळेल. त्याला माझं सगळं कळतं."

"मग काय भावाला भीक घालणार आहेस? आणि तो ती घेऊन लिस्बनला जाईल असं वाटतं तुला?"

त्यानं टोपलीतला हात मागे घेतला. मी म्हटलं, "नीट खेळ. तोही नीट खेळेल. मग जे होईल ते दोघांचं."

तेव्हा रागवायचं असेल तर माझ्यावर रागाव. पण माफी मागायला मी लिहीत नाहीये. उद्या परत तो टोपलीपाशी येऊन बसला तर हेच सांगेन. मी दोन मुलगे वाढवले. त्यातल्या एकानं दुसऱ्यासाठी खोटं खेळावं, असं एकालाही शिकवलं नाही.

आणि आता तुझं. मी भिंतीपाशी उभी होते, सगळं बघितलं. पहिल्या अर्ध्यात तू त्याला दोनदा चकवलंस. एकदा चेंडू खांबाला लागला. हे तुझ्या लक्षातसुद्धा नसेल. मग त्यानं तुझ्याकडून चेंडू काढून घेतला, पुन्हा काढला, आणि मध्यंतरानंतर तू चेंडू मागणं सोडून दिलंस. कमरेवर हात ठेवून उभा राहिलास. तेल्मो, तुला कुणी हरवलं नव्हतं. तू थांबलास.

सामना संपल्यावर लिस्बनच्या त्या माणसांतला टोपीवाला माझ्याकडे आला आणि म्हणाला, "बाई, तो धाकटा तुमचा का?" मी म्हटलं, "दोघंही माझे." तो म्हणाला, "मोठा इतका वेगवान आहे म्हणून तर धाकटा दिसला आम्हाला. ऐऱ्यागैऱ्याला अडवणारा कुणाच्या नजरेत भरतो?" हे मी तुला त्याच दिवशी सांगायला आले होते. तू दार लावून घेतलं होतंस.

त्यानं तुझी जागा घेतली नाही. तुझी जागा पुढे होती, त्याची मागे. मैदानात दोन्ही असतात.

टाळ्या मात्र मी वाजवल्या. त्या दोन वेळा तू निघून गेलास तेव्हाही वाजवल्या होत्या.

आई


पेद्रा आल्वा, १७ मे २००३

तेल्मो,

चार वर्षं तुझी ओळ नाही. मी नाताळला आणि तुझ्या वाढदिवसाला लिहीत राहिले. हवामान लिहिलं, ऑलिव्ह लिहिले, कोण गेलं कोण आलं ते लिहिलं. आज जरा जास्त लिहिते. शाळेत मुलांच्या परीक्षा आहेत, स्वयंपाक थोडाच आहे.

लुर्देसला रागावू नकोस. तिचा नंबर मी मिळवला, तिनं मला शोधलं नाही. सून चांगली मिळाली तुला. मिन्योची आहे, पण बोलते सरळ. माझ्या नातीचा, मफाल्दाचा, फोटो तिनं पाठवला. नाक आपल्या घरातलं आहे, बिचारीचं नशीब. बाबांनी फोटो उन्हात नेऊन बघितला. "पाय लांब आहेत," म्हणाले. तीन महिन्यांच्या मुलीचे.

लुर्देस म्हणते, तू शनिवारी आपल्याकडच्या पोरांचा संघ सांभाळतोस. दिवसभर वाळू-सिमेंट उपसलेली माणसं, खडीचं मैदान, आणि तू कडेला उभा राहून ओरडतोस. ती म्हणते, गेल्या वर्षी तुम्ही तुमच्या गटात पहिले आलात. हे मला तिच्याकडून का कळावं? पहिला येणारा माझा आणखी एक मुलगा आहे, आणि मी बाजारात तोंड मिटून चालते.

ती असंही म्हणते की सादो क्लबचा सामना असला की तू कोपऱ्यावरच्या पोर्तुगीज कॅफेत जातोस, मागे हाताची घडी घालून उभा राहतोस आणि संपायच्या आधी निघून येतोस. म्हणजे लिनो आता सादोकडून पहिल्या विभागात खेळतो, कप्तान झाला, हे मी तुला सांगायला नको. पण तू न बघितलेलं सांगते.

दोन वर्षांपूर्वी त्याचा गुडघा गेला तेव्हा तो इथे घरी होता. तेव्हाच्या पत्रात मी तुला लिहिलं होतं, "घरी सगळे ठीक." ठीक नव्हतं. डॉक्टर म्हणाला होता, चालेल, पण खेळेल असं वाटत नाही. लिनोनं कुणाला काही म्हटलं नाही. सकाळी बाबांबरोबर जुन्या खाणीपर्यंत जायचा, कुबडी घेऊन, मग काठी घेऊन, मग नुसता. बाबा पुढे, तो मागे, बोलणं काही नाही. एकदा मी विचारलं, "एवढा वेळ करता काय तुम्ही?" बाबा म्हणाले, "दगड बघतो. कुठून फुटणार ते त्याच्याकडे बघूनच कळतं. हा पोरगा फॉरवर्डकडे तसाच बघतो. पळता आलं नाही तरी खेळेल हा." आणि खेळला. पूर्वीपेक्षा हळू पळतो आणि पूर्वीपेक्षा आधी पोचतो.

त्याचं काम लोकांना दिसत नाही. मला दिसतं, कारण माझंही तसंच आहे. सूप करपलं तर शाळाभर बोभाटा होतो. ते करपलं नाही म्हणून कुणी आत येऊन सांगत नाही. लिनोचं नाव पेपरात आलं नाही की मी समजते, आज चांगला खेळला.

मार्चमध्ये त्याला देशाच्या संघात बोलावलं. लाल शर्ट मिळाला. सामनाभर बाकावर बसून होता, मैदानात उतरवलं नाही त्याला. बेलार्मिनोच्या कॅफेत सगळे जमले होते. शेवटी कुणीतरी म्हणालं, "एर्मिनियो, बसूनच राहिला की तुझा पोरगा." बाबा म्हणाले, "हो. पोर्तुगालमध्ये बसायला माणसं काय कमी आहेत? तरी बसायला त्यालाच बोलावलं." त्यावर कॉफी बेलार्मिनोनं आपल्याकडून दिली.

आता शेवटचं. गेल्या महिन्यात सादोनं त्या मोठ्या संघाला बरोबरीत रोखलं. सगळ्यात जास्त गोल करणारा त्यांचा फॉरवर्ड होता, त्याला लिनोनं सामनाभर हलू दिलं नाही. टीव्हीवाल्या मुलीनं त्याला विचारलं, "कप्तान, तुम्हाला आजवर सगळ्यात जड गेलेला फॉरवर्ड कोण?" तिला वाटलं तो याचंच नाव घेईल.

लिनो म्हणाला, "माझा भाऊ. गावाकडे, खाणीच्या आवारात. दहादा आला तर आठदा निघून जायचा. त्याच्यासमोर उभं राहून मी हे शिकलो. बाकीचे त्या मानानं सोपे."

मुलगी हसली. लिनो हसला नाही. तू तेव्हा कॅफेत होतास, लुर्देसनं सांगितलं. त्या दिवशी तू संपेपर्यंत थांबलास, हेही सांगितलं.

आई


पेद्रा आल्वा, ४ जुलै २००५

तेल्मो,

थोडक्यात लिहिते, कारण तुला आधीच कळलं असणार. सादोला यंदा युरोपातल्या स्पर्धेत जागा मिळाली, आणि चिठ्ठीत नाव निघालं ते लक्झेंबर्गच्या संघाचं. पुढच्या पंधरवड्यात शनिवारी संध्याकाळी तुमच्या राजधानीत सामना.

बाबांनी बातमी ऐकली आणि दाढी अर्धी टाकून बाहेर आले. परत आत गेले.

लिनोनं फोनवर तुझा पत्ता मागितला. मी दिला नाही. म्हटलं, "त्याला विचारल्याशिवाय देणार नाही." तो म्हणाला, "मग विचार." म्हणून विचारते. तो रागावलेला नाही. कधीच नव्हता. भीती मात्र आहे त्याला. एवढाले फॉरवर्ड अंगावर घेणारा माणूस, मला म्हणतो, "आई, तो आलाच नाही तर?" मी म्हटलं, "नाही आला तर तू सामना खेळून परत ये. त्यासाठीच जातोयस."

तुला जा असं मी म्हणत नाही. तू काही लहान नाहीस. तुला मुलगी आहे. तिला काका आहे, एवढंच लिहिते.

आई


पेद्रा आल्वा, १८ जुलै २००५

तेल्मो,

मला सगळं माहीत आहे. काल सकाळी लिनोचा फोन आला आणि दुपारी लुर्देसचा, आणि दोघांनी सांगितलेलं जुळतंय. तरी तू स्वतः लिहायचं आहेस. पण मला दम नाही, म्हणून आधी मीच लिहिते.

सामना आम्ही बेलार्मिनोकडे बघितला. पहिल्या अर्ध्यात लिनो दोनदा मान वर करून प्रेक्षकांकडे बघत होता. मी बाबांना म्हटलं, "असं कधी करत नाही हा." बाबा म्हणाले, "ऊन येत असेल डोळ्यांवर." मध्यंतरानंतर सगळी बचावाची फळी पुढे सरकलेली दिसली. त्यांचे फॉरवर्ड पुन्हा पुन्हा ऑफसाइड व्हायला लागले आणि आपण एका गोलनं जिंकलो. टीव्हीवाला म्हणाला, प्रशिक्षकानं मध्यंतरात डाव बदलला. आता मला माहीत आहे कुणी बदलला.

लिनो सांगत होता, "आई, चाळीस मिनिटं एक माणूस वरून बोंबलतोय. 'वर ये, गोचिडा, वर ये, खाली काय झोपलायस!' सगळं मैदान परकी भाषा बोलतंय, आणि मधेच आपल्या गावची शिवी." त्यानं मध्यंतरात प्रशिक्षकाला सांगितलं, आपण फार खाली उभे आहोत. प्रशिक्षकानं विचारलं, तुला कुणी सांगितलं? हा म्हणाला, "ज्याला कळतं त्यानं."

मग सामना संपल्यावर तू बसपाशी उभा होतास. सकाळपाळीच्या कामावरून तसाच आलेला, पायांत लोखंडी टोकाचे बूट, गुडघ्यांपर्यंत सिमेंट, मागे तुझ्या संघाची पोरं आणि कडेवर मफाल्दा घेतलेली लुर्देस. लिनो बाहेर आला, हातात चेंडू. मफाल्दासाठी सगळ्या संघाच्या सह्या घेऊन आणला होता त्यानं. आणि इतक्या वर्षांनी माझ्या मोठ्या मुलानं धाकट्याला पहिलं वाक्य काय ऐकवावं?

"पहिल्या अर्ध्यात फार खाली होतास."

"ऐकलं ना मी. वर आलो."

"उशिरा आलास."

बसच्या खिडक्यांतून सगळा संघ बघतोय. लुर्देस म्हणते, तिला वाटलं आता एक तर मारामारी होईल नाहीतर दोघं तसेच निघून जातील. तेव्हा तू हात पुढे केलास आणि म्हणालास, "चेंडू दे."

लिनोनं चेंडू खाली ठेवला. बूट बदलले नाहीस, उभ्या उभ्या अंगावर गेलास. त्यानं चेंडू काढून घेतला. बसमधली पोरं ओरडली. तू चेंडू परत मागितलास. पुन्हा गेलास, पुन्हा काढून घेतला. लिनो म्हणाला, "आई, तेव्हा मला वाटलं, आता हा कमरेवर हात ठेवणार."

तू नाही ठेवलास. तू तिसऱ्यांदा चेंडू मागितलास.

आणि गेलास. खडीच्या मैदानावर शिकलेलं काय केलंस देव जाणे, लिनो एकीकडे आणि तू चेंडू घेऊन बसच्या मागे. बसमधले सगळे खिडक्या बडवायला लागले. तू तिथेच फुटपाथवर बसलास. लुर्देस म्हणते हसत होतास आणि चेहरा पुसत होतास, सिमेंट सगळं गालांवर. लिनो शेजारी येऊन बसला. ड्रायव्हरनं दोनदा भोंगा वाजवला, पण कप्तान आल्याशिवाय बस कशी जाणार?

मी लिनोला सरळ विचारलं. मला विचारायलाच हवं होतं.

"सोडलंस का त्याला?"

"नाही."

"खरं सांग."

"आई, नीट खेळ म्हणून तूच सांगितलंस. मी कधी वेगळं खेळलोय? तो कुठून जाणार ते मला नेहमी आधी कळायचं. या वेळी नाही कळलं." आणि हे सांगताना त्याला इतका आनंद झाला होता, तेल्मो, की मला फोन कानापासून लांब धरावा लागला.

मी बाबांना सांगितलं. त्यांनी एकच विचारलं, "कामाच्या बुटांत?" मी म्हटलं, हो. मग अंगणात गेले, द्राक्षाच्या वेलीखाली थोडा वेळ उभे राहिले, परत आले. "तेल्मो कामाच्या बुटांत गेला," म्हणाले. "त्या जाड बुटांत." दिवसभरात मला हे त्यांनी कितीदा तरी ऐकवलं, जणू मीच त्यांना सांगितलेलं नाही. लुर्देस म्हणते, गावच्या पंधरा ऑगस्टच्या उत्सवाला तुम्ही येताय, आणि लिनोही दोन दिवस काढणार आहे. पोहोचण्याची वेळ बाबांना कळव. एवोराच्या थांब्यावर ते घ्यायला येणार आहेत. मी विचारलं नाही, त्यांनीच सांगितलं.

आणि एक. काल दुपारी मी बेलार्मिनोच्या कॅफेत एकटी गेले. मी तिथे एकटी कधी जात नाही. सगळे बसलेले होते. त्यांना वाटलं मी लिनोच्या सामन्याबद्दल बोलायला आले, ते टेबलं सरकवून जागा करायला लागले. बेलार्मिनो म्हणाला, "देओलिंदा, चांगला खेळला तुझा पोरगा."

मी म्हटलं, "कुठला?"

मग त्यांना सांगितलं. पहिल्या विभागातले फॉरवर्ड ज्याच्यासमोर गुडघे टेकतात, त्या लिनोला काल एक माणूस चकवून गेला, कामाच्या बुटांत, आठवड्याचं काम करून आलेला, आणि तो माझा तेल्मो. कोपऱ्यातला म्हातारा झोपेतून उठला, त्याला ऐकू कमी येतं, त्याच्यासाठी सगळं परत सांगावं लागलं. मी खुशीनं सांगितलं.

घरात पाव भरपूर आहे. तरी उद्या सकाळी मी पावाच्या दुकानात जाणार आहे. तिथे गर्दी असते.

आई